यंत्र वेळेचा खर्च कसा करतें?

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आमचा एक भाचा आमच्याकडे राहावयास आला होता. वय बारा, अभ्यासांत बेताचा, परंतु बुद्धिबळाचा नाद जबर. जोडीस कोणी गडी मिळाला नाहीं म्हणजे तो मोबाइलच्या पडद्यावर यंत्राशींच डाव मांडून बसे. एके दुपारीं जेवणानंतर आम्ही नुकतेच लवंडलों होतों, तोंच स्वारी उशाशीं येऊन उभी राहिली. "मामा, हें यंत्र एका सेकंदांत लाखों मांडण्या पाहून घेतें ना? मग मघां माझा घोडा त्यानें चुटकीसरशीं मारला, आणि आतां मात्र केव्हांचें अडून बसलें आहे. इतका वेळ तें करतें तरी काय?"

"विचार करतें, दुसरें काय?" असें म्हणून आम्हीं कूस बदलली. त्या उत्तरानें मुलाचें समाधान झालें नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर आमचेंही झालें नाहीं. विचार करणें हें तर त्या यंत्राचें कामच. प्रश्न असा कीं, विचार पुरे झाला हें त्यास कळतें कसें? आपण माणसें एखादी गोष्ट ठरवितांना 'आतां पुष्कळ झालें' असें म्हणून उठतों. परंतु तें कशाच्या आधारावर म्हणतों, हें विचारल्यास आपणांस धड सांगतां येणार नाहीं. यंत्रास मात्र अशी एकही गोष्ट मोघम सांगून भागत नाहीं. तेव्हां त्यास शिकविणाऱ्यांनीं या बाबतींत काय शिकविलें, हें शोधण्याच्या मागें आम्ही लागलों. आणि जें हातीं लागलें तें वाचकांपुढें ठेवल्यावांचून राहवत नाहीं.

बुद्धिबळाच्या सामन्यांत घड्याळ आलें तें फार जुनें नव्हे. १८५१ सालीं लंडन येथें पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरली, तेव्हां वेळेचें कांहींच बंधन नव्हतें आणि संथ खेळणाऱ्यांनीं प्रतिस्पर्ध्यांस अगदीं जेरीस आणलें. दहा वर्षांनीं अँडरसन व कोलिश यांच्या सामन्यांत वाळूचीं घड्याळें ठेवून दोन तासांत चोवीस खेळ्या असा नियम करण्यांत आला. पुढें १८८३ च्या लंडनच्या स्पर्धेंत एकाचें चालूं झालें कीं दुसऱ्याचें बंद पडणारें जोडघड्याळ अवतरलें. तेव्हांपासून वेळ हेंही पटावरचें एक मोहरें होऊन बसलें आहे. पटावर जिंकत आलेला डाव घड्याळावर हरणारे खेळाडू थोडेथोडके नाहींत.

यंत्रांची कथा मात्र उलट्या टोंकापासून सुरू होते. त्यांच्यापुढें पहिली अडचण उभी राहिली ती वेळ वांटावा कसा ही नव्हे, तर वेळ पुरणार तरी कसा ही होती. अमेरिकन गणिती क्लॉड शॅनन यांनीं १९५० सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या निबंधांत हिशेब मांडून दाखविला कीं, दोन्ही बाजूंच्या तीन तीन खेळ्यांपर्यंतच्या सर्व शक्यता पाहावयाच्या म्हटल्या तर त्या सुमारें शंभर कोटी होतात. एका सेकंदास दहा लक्ष शक्यता तपासणारें यंत्र मिळालें, तरी एका खेळीस सोळा मिनिटांहून अधिक वेळ लागेल, आणि चाळीस खेळ्यांच्या डावास दहा तासही पुरणार नाहींत. त्या काळीं इतकें जलद यंत्र कोठेंच नव्हतें. इंग्लंडांत अॅलन ट्यूरिंग यांनीं तर यंत्रावांचूनच, कागदावर स्वतः आंकडेमोड करून, आपल्या आज्ञावलीचा एक डाव १९५२ सालीं खेळून पाहिला. एकेका खेळीस अर्धा अर्धा तास लागे, आणि शेवटीं डाव हरला तो हरलाच! १९५६ सालीं लॉस अॅलामॉस येथील शास्त्रज्ञांनीं वेळ वांचविण्यासाठीं निराळीच तोड काढली. त्यांनीं पट लहान करून सहा सहा घरांचा केला आणि उंट काढूनच टाकले. तरीही चार अर्धखेळ्या पुढें पाहण्यास यंत्रास बारा मिनिटें लागत. पटावरून उंट हद्दपार करून वेळ विकत घ्यावा लागावा, ही त्या बिचाऱ्यांची ओढाताण पाहून आम्हांस हंसूंही आलें आणि आदरही वाटला.

या आरंभीच्या यंत्रांत एक मोठी उणीव होती. चार अर्धखेळ्या पाहावयाच्या असें ठरलें कीं त्या पाहून होईपर्यंत यंत्राकडून उत्तर म्हणून नाहीं. पट साधा असेल तर काम लवकर उरके. गुंतागुंतीचा असेल तर तें किती लांबेल याचा नेम नसे. मध्येंच कोणी 'आतां खेळ' म्हणून दटाविलें असतें, तर हातीं अर्धवट तपासलेल्या खेळ्यांवांचून कांहीं नसे. कदाचित् सर्वांत चांगली खेळी यादीच्या शेवटीं राहून तिच्याकडे दृष्टिही गेलेली नसे. घड्याळाच्या राज्यांत असा गडी काय कामाचा?

यावर जो तोडगा निघाला तो आमच्या मतें या सर्व विद्येंतील सर्वांत सुंदर आहे. १९७० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या स्लेट व अॅटकिन यांच्या आज्ञावलीनें तो नांवारूपास आणला. यंत्रानें प्रथम एकच पायरी पुढें पाहावयाची आणि त्यांतल्या त्यांत बरी खेळी मनांत ठेवावयाची. मग पुन्हां आरंभापासून दोन पायऱ्या पाहावयाच्या. मग तीन, मग चार. केव्हांही घड्याळानें टोंकलें, तरी मागच्या पायरीचें उत्तर हातांत तयार असतें.

वाचक म्हणतील, दर वेळीं पुन्हां पहिल्यापासून आरंभ करावयाचा म्हणजे केलेलें काम वायांच गेलें कीं! आम्हांसही तसेंच वाटलें होतें. परंतु हिशेब करून पाहावा. बुद्धिबळांत एका मांडणींतून सरासरी तीस-पस्तीस खेळ्या निघतात. ज्या फांद्या पाहून उपयोग नाहीं त्या छाटण्याची युक्ति वापरली, तर दर पायरीस काम सुमारें सहापट वाढतें असें धरूं. म्हणजे शेवटच्या पायरीस एक तास लागला, तर तिच्या मागच्या पायरीस दहा मिनिटें, तिच्या मागच्या पायरीस दोन मिनिटांहून कमी, आणि त्यापूर्वींच्यांस केवळ सेकंद. सर्व मागच्या पायऱ्यांची बेरीज बारा मिनिटें! शिवाय आधींच्या पायरीवर जी खेळी उत्तम ठरली तीच पुढच्या पायरीवर प्रथम तपासली असतां छाटणी इतकी चांगली साधते कीं, हे बारा मिनिटांचे कर्ज व्याजासकट फिटतें.

याच रचनेंतून वेळेविषयींचा पहिला शहाणपणा आपोआप निघाला. पुढची पायरी मागचीच्या कित्येक पट वेळ खाणार, हें यंत्रास ठाऊक असतें. तेव्हां ठरलेल्या वेळांतला अर्ध्याहून अधिक वेळ संपला असेल, तर नवी पायरी आरंभण्यांत बहुधा अर्थ नसतो. ती पुरी होणारच नाहीं. अशा वेळीं लगेच खेळून उरलेला वेळ गांठीस बांधावा, हें बरें.

आतां 'ठरलेला वेळ' म्हणजे किती? दोन तासांत चाळीस खेळ्या करावयाच्या असतील, तर भागाकार करून दर खेळीस तीन मिनिटें, हें उत्तर कोणीही देईल. परंतु पगार हातीं पडतांच त्यास तिसांनीं भागून रोज तितकाच खर्च करणारी गृहिणी वाचकांनीं कोठें पाहिली आहे काय? सणवार असतात, अवचित पाहुणा येतो, मुलाचें दुखणें निघतें. ती कांहीं दिवस पिठलें-भातावर काढते तेव्हां कोठें सणाच्या दिवशीं पुरणाची पोळी होते. बुद्धिबळाच्या डावांतही अशा खेळ्या असतात कीं, प्रतिपक्षानें आपलें मोहरें मारलें, त्याचें मारणारें मोहरें आपण मारावयाचें. दुसरें कांहीं करणें म्हणजे वेडेपणा. तेथें तीन मिनिटें घालविणें ही उधळपट्टी होय. यंत्रास पहिल्या कांहीं पायऱ्यांतच दिसतें कीं, एक खेळी बाकीच्यांपेक्षां फार वर आहे. तें तत्काळ खेळून मोकळें होतें. आमच्या भाच्याचा घोडा चुटकीसरशीं गेला तो बहुधा असाच.

उलट प्रसंग अधिक गमतीचा आहे, आणि त्याचें उदाहरण जगाच्या इतिहासांत नमूद झालेलें आहे.

१९९७ च्या मे महिन्यांत न्यूयॉर्क येथें जगज्जेता गॅरी कास्पारोव्ह आणि आय. बी. एम. कंपनीचें 'डीप ब्लू' हें यंत्र यांचा सहा डावांचा सामना झाला. आदल्या वर्षीं फिलाडेल्फियांत कास्पारोव्हनें त्यास चार विरुद्ध दोन गुणांनीं हरविलें होतें. सुधारलेल्या यंत्रांत बुद्धिबळासाठीं खास घडविलेल्या ४८० चकत्या होत्या, आणि तें सेकंदास वीस कोटींपर्यंत मांडण्या तपाशी. इतक्या शक्तीच्या यंत्रास वेळेची काटकसर कशाला, असें वाटेल. परंतु त्याच्या कर्त्यांनीं पुढें जो निबंध लिहिला, त्यांत वेळेची व्यवस्था बारकाईनें दिली आहे.

दर खेळीपूर्वीं यंत्र दोन मर्यादा ठरवी. पहिली नेहमीची: उरलेल्या वेळास उरलेल्या खेळ्यांनीं भागून येणारी, तींतही कांहीं बिघाड झाल्यास हाताशीं असावा म्हणून बराच वेळ बाजूला काढून ठेवलेला असे. दुसरी मर्यादा, उरलेल्या सर्व वेळाच्या जवळजवळ एकतृतीयांश. हिला त्यांनीं दिलेल्या इंग्रजी नांवाचा अर्थ 'घबराटीची वेळ' असा होतो, आणि तें नांव अगदीं समर्पक आहे. पहिली मर्यादा भरतांच सर्व ठीक दिसत असेल, तर यंत्र खेळून टाकी. परंतु हातांतील खेळीची किंमत मागच्या पायरीपेक्षां ठराविक प्रमाणाबाहेर उतरली असेल (प्याद्याचे शंभर गुण धरल्यास पंधरा गुण), किंवा ती उतरण्याच्या बेतांत असेल, किंवा एखादी नवीच खेळी वर येऊं पाहत असेल, तर यंत्र थांबत नसे. तो प्रश्न सुटेपर्यंत, अथवा घबराटीची मर्यादा येईपर्यंत, तें विचार चालूंच ठेवी.

४ मे रोजीं झालेल्या दुसऱ्या डावांत, छत्तिसाव्या खेळीच्या वेळीं, नेमकें हेंच घडलें. पांढरीं मोहरीं यंत्राचीं होतीं. वजीर पुढें घुसवून प्यादीं लुटण्याची संधि उघड दिसत होती, आणि यंत्र कायम पुढचें मोहरें टिपण्याच्या लोभांत असतें, असा तोंवरचा अनुभव होता. यंत्राचाही बेत प्रथम तोच होता. परंतु खोल जातां जातां त्या खेळीची किंमत घसरूं लागली, तेव्हां तें ठरल्या वेळीं न थांबतां पुढें विचार करीत राहिलें. आणि अखेर वजिराचा मोह सोडून त्यानें प्याद्यानें प्यादें मारलें. पुढच्याच खेळीस उंट मध्यभागीं आणून काळ्याची उलट चढाई त्यानें मुळांतच दाबून टाकली. पंचेचाळिसाव्या खेळीनंतर कास्पारोव्हनें डाव सोडला.

यंत्र असा संयम दाखवील यावर त्याचा विश्वास बसेना. कोणा माणसाचा हात पडद्याआड आहे कीं काय, असा संशय त्यानें बोलून दाखविला आणि यंत्राच्या नोंदी मागितल्या. त्या नोंदी पुढें प्रसिद्ध झाल्या. त्यांत जें दिसतें तें वर सांगितलेंच आहे. यंत्रानें साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनीं सामना जिंकला. आम्ही कांहीं बुद्धिबळाचे पंडित नव्हे. परंतु त्या खेळीच्या वेळीं यंत्र नेहमीच्या मर्यादेवर थांबलें असतें तर कास्पारोव्हचें मन त्या दिवशीं जसें मोडलें तसें मोडतें ना, असें आम्हांस राहून राहून वाटतें. ज्या संयमांत त्यास मनुष्याचा वास आला, तो आंकडा घसरल्यास अधिक थांबण्याच्या एका साध्या नियमाचा परिणाम होता.

आजच्या आज्ञावल्यांनीं हीच पद्धति पुढें नेली आहे. 'स्टॉकफिश' नांवाची जी मोफत मिळणारी प्रबळ आज्ञावली आहे, तिच्यांतही एक इष्ट व एक कमाल अशा दोन मर्यादा असतात. पायरीगणिक उत्तम खेळी बदलत असेल, म्हणजे यंत्राचें मन डळमळत असेल, तर वेळ वाढतो. एकच खेळी पायऱ्यांमागून पायऱ्या टिकून राहिली, तर कमी होतो. किंमत घसरूं लागली तर पुन्हां वाढतो. 'बेल' यंत्राचे कर्ते केन टॉमसन यांनीं पूर्वींच प्रयोगांनीं दाखविलें होतें कीं, एक पायरी अधिक पाहणारें यंत्र कमी पाहणाऱ्यास सरसकट हरवितें. तेव्हां जेथें निर्णय खरोखर बदलण्याचा संभव आहे तेथें ती अधिकाची पायरी मिळविणें, याच्याइतकें लाभाचें दुसरें कांहीं नाहीं.

शिवाय प्रतिस्पर्ध्याच्या घड्याळावर विचार करण्याची सोय आहेच. गडी डोकें खाजवीत बसला असतां यंत्र स्वस्थ बसत नाहीं. तो कोणती खेळी करील याचा अंदाज बांधून तिचें उत्तर तें आधींच शोधूं लागतें. अंदाज खरा ठरला तर तो सर्व वेळ फुकटांत मिळाला. खोटा ठरला तरी पदरचें कांहीं गेलें नाहीं. आणखी एक बारीकशी तरतूद सांगून ठेवतों. यंत्रानें खेळी ठरविली तरी ती घड्याळापर्यंत पोंचण्यास सेकंदाचे कांहीं हजारांश भाग लागतात. तेवढे वगळून हिशेब न केल्यास जिंकलेला डाव घड्याळावर जावयाचा. म्हणून स्टॉकफिश दर खेळीमागें दहा हजारांश सेकंद या वाटखर्चासाठीं राखून ठेवतें.

घड्याळांची तऱ्हाही मध्यंतरीं बदलली. बॉबी फिशर यानें दर खेळीमागें कांहीं सेकंद वाढवून देणारें घड्याळ काढलें आणि १९९२ च्या स्पास्कीबरोबरच्या सामन्यांत तें वापरलें गेलें. २०२५ च्या जुलैंत बाटुमी येथें आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुख यांनीं महिलांचा विश्वचषक जिंकला, तो निकालही संथ डाव बरोबरींत सुटल्यावर अशा वाढत्या घड्याळाच्या जलद डावांतच लागला. अशा घड्याळावर, पुढें मिळणारे सेकंद आजच किती खर्चावे, हा यंत्रांपुढें नवा प्रश्न उभा राहिला.

वेळ वांटण्याची ही हातोटी खेळाच्या बळांत किती धरावी, यावरून अलीकडे एक मोठा वादही झाला. १९१७ नव्हे, २०१७ च्या डिसेंबरांत — शतकाची ही चूक आमच्या लेखणीकडून वारंवार होते — 'डीपमाइंड' कंपनीनें जाहीर केलें कीं, केवळ स्वतःशीं खेळून शिकलेल्या आपल्या 'अल्फाझीरो' यंत्रानें शंभर डावांत स्टॉकफिशला अठ्ठावीस वेळां हरविलें, बहात्तर डाव बरोबरींत सोडविले आणि एकही गमावला नाहीं. परंतु त्या सामन्यांत दोघांसही दर खेळीस बरोबर एक मिनिट दिलेलें होतें. कमी नाहीं, अधिक नाहीं. स्टॉकफिशच्या मूळ कर्त्यांपैकीं टोर्ड रोमस्टाड यांनीं यावर हरकत घेतली. डावांतील आणीबाणीचे क्षण ओळखून तेथें अधिक वेळ द्यावा यासाठीं वर्षानुवर्षें घेतलेले श्रम या नियमानें निकामी केले, असा त्यांच्या म्हणण्याचा इत्यर्थ. आम्हांस ही तक्रार अगदीं रास्त वाटते. जिचें कसबच शिल्लक टाकण्यांत आहे तिला रोजचा पैसा रोज संपविण्याची अट घालून मग तिच्या संसाराची परीक्षा घ्यावी, त्यांतलाच हा प्रकार.

कंपनीनें २०१८ सालीं पुन्हां सामना घेतला. हजार डाव, प्रत्येकास डावाचे तीन तास आणि दर खेळीमागें पंधरा सेकंद. आतां स्टॉकफिशला आपली सर्व विद्या वापरण्याची मुभा होती. तरीही अल्फाझीरोनें १५५ डाव जिंकले आणि सहाच गमावले. उरलेले बरोबरींत सुटले. आणि या विजेत्याची वेळेची व्यवस्था काय होती, म्हणाल? दर खेळीस शिल्लक वेळाचा विसावा भाग खर्च करावयाचा, बस्स! पहिल्या खेळीस नऊ मिनिटें. दहा खेळ्या झाल्यावर सुमारें साडेपांच. असें उतरत उतरत शिल्लक पांच मिनिटांच्या जवळ आली कीं तिचा विसावा भाग म्हणजे पंधरा सेकंद, जे दर खेळीस परत मिळतातच. म्हणजे हा कुबेर कधींच कफल्लक व्हावयाचा नाहीं. स्टॉकफिशची काटकसर त्यामुळें फोल ठरली, असें आम्ही म्हणणार नाहीं. तिच्याशीं तुल्यबळ गडी असता तर तीच उपयोगी पडती. अल्फाझीरोची पटाची समजच वेगळ्या जातीची होती, आणि श्रीमंतास हिशेब ढिला ठेवूनही चालतें.

हें सर्व आम्हीं भाच्यास जमेल तसें समजावून सांगितलें. त्यानें पुरणपोळीचा दृष्टांत दुर्लक्षिला, कास्पारोव्हची गोष्ट दोनदां ऐकली, आणि एकच प्रश्न विचारला: "म्हणजे मी विचार करीत बसलों कीं तें माझ्या वेळांत विचार करतें?" होय म्हणतांच त्याचा चेहरा उजळला. यंत्रास फुकट वेळ मिळूंच द्यावयाचा नाहीं, या निश्चयानें त्यानें झटपट खेळून तिन्हीसांजेपर्यंत चार डाव गमावले. पांचव्या डावास मात्र तो हनुवटीखालीं हात घेऊन बसला होता. आजीनें जेवणासाठीं दोनदां हांक मारली, पानें मांडून झालीं, तरी त्याची खेळी झाली नव्हती. आणि यंत्रही, आम्हीं वांकून पाहिलें तों, शांतपणें थांबून होतें.